काही न घेता बसता येईल अशी जागा

प्रति,
माननीय आयुक्त, नागपूर महानगरपालिका
माननीय सभापती, नागपूर सुधार प्रन्यास
महामेट्रोचे नागपुरातील अधिकारी
आणि शहरातल्या सगळ्या मॉलचे मालक व व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र अर्धवट वाचून बाजूला पडलं तरी ती पोचेल. नागपुरातल्या पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या दुपारी, खिशात पैसे नसताना, दोन तास निवांत बसता येईल अशा थंड आणि सुरक्षित जागा या शहरात हव्या आहेत. एखाद्याच भागात नाही, शहराच्या चारही बाजूंना. अशा जागा इथे एकेकाळी होत्या. त्या महापालिकेने बांधल्या नव्हत्या की प्रन्यासाने आखल्या नव्हत्या. त्या मॉलमध्ये होत्या. माझ्या पिढीला त्या मिळाल्या, माझ्या भाचीच्या पिढीला मिळत नाहीत, म्हणून हे पत्र.

भाची अकरावीत आहे. गेल्या मे महिन्यात क्लास सुटल्यावर ती आणि तिच्या मैत्रिणी शहरातल्या एका मॉलमध्ये गेल्या. एकीला चाचणीत मार्क कमी पडले होते, घरी काय सांगायचं या काळजीत ती होती. बाकीच्या तिला घेऊन फूड कोर्टात बसल्या. थोड्याच वेळात गार्ड आला. "कुछ लिया क्या? लेना है तो बैठो, नहीं तो चलो आगे." मुली उठल्या. बाहेर ऊन इतकं होतं की रस्त्यावर जायची सोय नव्हती. त्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गेल्या आणि आपापल्या गाड्यांना टेकून उभ्या राहिल्या. तिथे उकाडा होता, धूर होता, पण उठवायला कोणी नव्हतं. मैत्रिणीची समजूत त्यांनी तिथे काढली.

गार्डवर माझा राग नाही. त्याला वरून सांगितलेलं असतं. ज्यांनी सांगितलं आणि ज्यांना हे सांगणं थांबवता येईल, त्यांच्यासाठी पुढचं लिहिते आहे.

मी महालात वाढले. आमच्या आधीच्या पोट्ट्यांना बर्डी होती, म्हणजे सीताबर्डीचा बाजार. व्हरायटी चौकातून मेन रोडला शिरायचं, दुकानं पाहत, माणसं पाहत लोहापुलापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. मध्येच मोदी नंबरच्या गल्ल्यांत डोकावायचं. टॉकीज होत्या: पंचशील, जानकी, सदरला लिबर्टी, स्मृती. फुटाळा होता, अंबाझरी होतं. पण हे सगळं जास्त करून पोट्ट्यांचं. पोरींना बाहेर पडायला कारण लागायचं. पुस्तक आणायचं आहे, झेरॉक्स काढायची आहे, टेकडीच्या गणपतीला जायचं आहे. कारण संपलं की घरी. फुटाळ्याच्या काठावर दोन मुली नुसत्या बसल्या आहेत असं कोणी ओळखीच्याने पाहिलं, तर त्या घरी पोचायच्या आत बातमी पोचायची. मुलीने नुसतं बसणं ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यात कोणाच्या हिशेबातच नव्हती.

मग मॉल आले. २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्याच्या पुढेमागे, काही वर्षांच्या अंतराने, शहराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ते उभे राहिले. व्हरायटी चौकात इटर्निटी, गांधीसागराजवळ एम्प्रेस, वर्धमाननगरात पूनम, कामठी रोडवर इंदोऱ्याकडे जसवंत तुली. धरमपेठ आणि रामदासपेठेच्या पोरांना कॅफे आधीपासून होते. महाल, इतवारी, जरीपटका, वर्धमाननगर इथल्या पोरांना चकचकीत फरशीवर चालायला पहिल्यांदा मिळालं ते या मॉलमध्ये. हे मला महत्त्वाचं वाटतं. एरवी शहरात नवं काही आलं की ते पश्चिम नागपुरात येतं.

तो काळ भारनियमनाचा होता हेही आठवून पाहा. मे महिन्यात भरदुपारी लाइट जायची. कूलरच्या ताट्या वाळून कोरड्या व्हायच्या, पंखा थांबलेला, पारा पंचेचाळीसच्या पुढे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला की घराच्या भिंतीसुद्धा हाताला गरम लागायच्या. आई म्हणायची, "जा गं तिथं मॉलमध्ये, निदान थंडं तरी असते." आईने हे म्हणणं ही आमच्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती! फुटाळ्याला नाही म्हणणारी आई मॉलला हो म्हणायची, कारण तिच्या हिशेबात तिथे उजेड होता, गार्ड होता, बाथरूम होती आणि चार बायका ओळखीच्या भेटण्याची शक्यता होती. तिने कोणत्याही नगररचनाकाराचं पुस्तक वाचलं नव्हतं, पण मुलीसाठी सार्वजनिक जागा कशी असावी याची तिची यादी पक्की होती. ती यादी आजही आपल्यापुढे ठेवण्यासारखी आहे.

दाराशी पोचलं की आधी स्कार्फ सुटायचा. नागपूरची मुलगी उन्हाळ्यात घराबाहेर पडते ती डोळे सोडून सगळा चेहरा बांधून. सायकल किंवा स्कूटी लावायची, घामाने चिकटलेल्या स्कार्फची मानेमागची गाठ दोन्ही हातांनी सोडवत दारातून आत जायचं आणि वरून येणारा गार वाऱ्याचा झोत थेट ओल्या मानेवर पडायचा. एक क्षण सगळ्या जणी तिथेच थांबायच्या. मागून येणारे ओरडायचे, "चला ना हो पुढं." मग स्कार्फ घडी करून बॅगेत. पुढचे दोन-तीन तास चेहरा उघडा. रस्त्यावर आम्ही कोण ते कोणाला ओळखू येत नसे. आत आल्यावर आम्ही एकमेकींना दिसायचो.

सरकत्या जिन्याजवळ तर रविवारी मेळाच असायचा. काटोल, उमरेड, सावनेरहून लग्नाच्या खरेदीला आलेली मंडळी बर्डी आटोपून मॉल पाहायला यायची. नऊवारीतल्या आजी, हातात पिशव्या घेतलेल्या मावश्या जिन्याच्या पायथ्याशी येऊन थबकायच्या. पायरी निघते कुठून आणि पाय ठेवायचा कधी, हेच त्यांना कळत नसे. आम्ही पोरी त्यांना हात द्यायचो. "मावशी, पदर वर घ्या. इकडचा पट्टा धरा. पिवळ्या रेघेवर पाय नका ठेवू. आता, आता ठेवा!" वर पोचल्यावर त्या मावशीच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलायचा तो मी कुठल्या दुकानातून काही घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नाही. काही मावश्या लगेच खाली जाऊन पुन्हा वर यायच्या. त्यांना कोणी हटकत नसे.

आम्ही खर्च काय करायचो? पाच जणींत मिळून एक मसाला कॉर्नचा कप. लोणी, तिखट, लिंबू, वरून चमचे मात्र पाच. कपडे घालून पाहायचे, ट्रायल रूमच्या आरशात मोबाइलवर फोटो काढायचा, कपडे पुन्हा घडी करून ठेवायचे. गाण्यांच्या सीडी मिळत तिथे हेडफोन अडकवलेले असायचे, आळीपाळीने एकेक कान लावायचा. काचेच्या लिफ्टमध्ये काढलेले आमचे सगळे फोटो ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर होते. ते २०१४ मध्ये बंद पडलं आणि फोटोही गेले. वाचनाची गोडी मला लागली ती पुस्तकांच्या दुकानात खाली फरशीवर बसून. दुकानातला दादा फक्त एवढंच सांगायचा की पान दुमडू नका.

छेडछाड होती. पोट्ट्यांची टोळकी मागे मागे फिरायची. पण तिथे तक्रार करायला माणूस होता, वर कॅमेरा होता, आणि मजला बदलला की बहुतेक वेळा सुटका व्हायची. बर्डीच्या गर्दीत धक्का मारून जाणाऱ्याला शोधणार कोण? म्हणून त्या गार्डचं असणं आम्हाला आधार वाटायचं. आज तोच गार्ड मुलींना उठवायला वापरला जातो.

एम्प्रेसबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं, कारण तिथे माझे आजोबा होते. मॉलमध्ये नाही, मिलमध्ये. जमशेदजी टाटांनी सुरू केलेली ही कापड मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. कामगारांसाठी पेन्शन फंड या मिलने १८८६ मध्ये सुरू केला, अपघाताची भरपाई १८९५ पासून. आतल्या हवेत दमटपणा राखण्याची, हवा खेळती ठेवण्याची यंत्रं तिथे बसवली होती. म्हणजे त्या जागेवर माणसासाठी हवा सुसह्य करण्याचा विचार मॉलच्या शंभर वर्षं आधी झाला होता. १९८६ मध्ये मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. ज्या घरांतल्या पाळ्या तिच्या भोंग्यावर चालायच्या, त्या घरांची काय अवस्था झाली ते मध्य नागपुरात कोणालाही विचारा.

मॉल झाल्यावर आजोबांनी हट्ट धरला, मला तिथे ने. मी घेऊन गेले. ते दुकानांकडे बघतच नव्हते. काठी टेकत चालले आणि मध्येच थांबून म्हणाले, "इकडं आमचं खातं असन. चिमणी तिकडं." खरंच तिथे होतं का, मला माहीत नाही. मग एका बाकावर बसले. पुष्कळ वेळ बसले. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांकडे बघत होते, मध्येच कुणाला तरी आपल्या पाळीच्या गोष्टी सांगत होते. ज्या जागेवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली तिथे आता त्यांच्याकडे विकत घेण्यासारखं काही नव्हतं आणि तरी बाक होता. त्या बाकाची किंमत मला तेव्हा कळली नाही, आज कळते. मिलच्या जमिनीवर जे काही उभं राहतं त्यावर मिलवाल्यांच्या नातवंडांचा थोडा तरी हक्क आहे, असं मी मानते. निदान बसण्यापुरता.

आता हे आठवणीत रमणं झालं असं कोणी म्हणेल. मॉल धंद्यासाठी असतो, धर्मशाळा नसते, असंही म्हणेल. त्याचं उत्तर मॉलच्या जन्मातच आहे. चारही बाजूंनी बंद, छताखालचा, बारा महिने एकाच तापमानाचा पहिला मोठा मॉल अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एडायनाला १९५६ मध्ये उघडला. साउथडेल त्याचं नाव. तिथला हिवाळा हाडं गोठवणारा. व्हिएन्नाहून आलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने तो आखला आणि त्याच्या मनात नुसती दुकानं नव्हती. युरोपातल्या गावांत चौक असतो, तिथे लोक काम नसतानाही येऊन बसतात, तसं काही तरी त्याला गाड्यांच्या देशात उभं करायचं होतं. पुढे त्याच्या कल्पनेतला चौक गळला, दुकानं आणि पार्किंग उरलं, आणि तो स्वतः या प्रकाराला कंटाळून बोलू लागला. तरी तिथल्या एका पिढीची पोरं या मॉलमध्येच मोठी झाली. आज पन्नाशी-साठीतले अमेरिकन लोक आपल्या बंद पडलेल्या मॉलसाठी हळहळतात ते तिथल्या बुटांसाठी किंवा जीन्ससाठी नाही. हळहळतात ते मित्र भेटायची ती एक जागा होती म्हणून. मिनेसोटाला थंडी होती, आपल्याला ऊन आहे. गरज तीच.

त्याच मिनेसोटात मॉल ऑफ अमेरिका नावाचा अवाढव्य मॉल १९९२ मध्ये सुरू झाला. १९९६ मध्ये त्यांनी नियम केला की शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळनंतर सोळा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाला सोबत घेऊनच यायचं. आपल्याकडची सुरुवात तर याहून कडक झाली होती. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा सुरुवातीला खिशात मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसेल तर आत जायला पैसे मोजावे लागत होते. म्हणजे दारात माणूस पारखायची हौस आपल्या मॉलना पहिल्यापासून होती. नागपूरच्या मॉलनी त्या काळात असं काही केलं नाही, आम्हा सगळ्यांना येऊ दिलं, याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

सगळ्यांना असं मात्र म्हणवत नाही. आमच्या वर्गात एक हुशार मुलगी होती, नाल्याकाठच्या वस्तीत राहायची. आम्ही कितीदा बोलावलं तरी ती आली नाही. तिला कोणी अडवलं नव्हतं. आपली चप्पल पाहून अडवतील, असं तिला वाटायचं. दार उघडं असणं आणि आपण आत जाऊ शकतो असं वाटणं यांत किती अंतर आहे हे मी तिच्याकडून शिकले. खाजगी जागेची दानत कितीही मोठी असली तरी शेवटी ती दानतच असते, आणि म्हणून हे पत्र फक्त मॉलवाल्यांना न लिहिता महापालिकेलाही लिहिते आहे.

मॉल आम्हाला का बसू देत होते, याचाही मी विचार केला आहे. ते नवे होते. निम्मी दुकानं भरायची होती. दुकानदारांना दाखवायला गर्दी लागत होती आणि ती गर्दी आम्ही होतो. मग हळूहळू मोकळ्या जागेचा हिशेब सुरू झाला. जिथे बाक होते तिथे मोबाइलची कव्हरं विकणारे स्टॉल आले. जिथे आजोबा बसले असते तशा कोपऱ्यांत आता मसाजच्या खुर्च्या आहेत. बसायचं असेल तर क्यूआर कोड स्कॅन करा. वरवर पाहिलं तर मॉलमध्ये आज पूर्वीपेक्षा जास्त खुर्च्या दिसतील, पण प्रत्येक खुर्ची कोणत्या तरी दुकानाची आहे.

त्यात कोरोना आला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातले मॉल पुन्हा उघडले तेव्हा दोन्ही डोस झालेल्यांनाच प्रवेश होता. अठरा वर्षांखालच्यांची लसच सुरू झालेली नव्हती, म्हणून त्यांनी दारात वयाचा पुरावा दाखवायचा असं ठरलं. नियमाचं कारण मला मान्य आहे. पण ज्या मुलांचं बाहेर पडायचं वय तेव्हा सुरू होत होतं, त्यांची मॉलशी पहिली भेट ही अशी कागद दाखवून झाली. २०२२ मध्ये बिग बझार देशभरात गुंडाळला गेला, खरेदी फोनवर गेली, सिनेमाही फोनवर गेला. शहरातल्या काही मॉलमध्ये आज मजलेच्या मजले शटर पाडलेले आहेत. काही ठिकाणी सरकते जिने बंद आहेत, लोक ते साध्या जिन्यासारखे चढतात.

आजच्या पोरांचा दिवस मी जवळून पाहते. सकाळी कॉलेज नावापुरतं, मग नीटचा किंवा जेईईचा क्लास, मग अभ्यासिका. नागपुरात गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत, महिन्याचे पैसे भरा आणि लाकडी फळ्यांच्या खोप्यात बसा. तिथे बोलायचं नाही. कॅफेत बसायचं तर एका कॉफीचे पैसे म्हणजे आठवड्याचा पॉकेटमनी. उरतो फोन. मग आपणच म्हणतो, पोरं फोनला चिकटली आहेत. त्यांनी भेटायचं कुठे, हे त्यांना कोणी सांगितलं आहे का? भाचीला मी विचारलं, मैत्रिणींना प्रत्यक्ष भेटता तेव्हा कुठे भेटता? ती म्हणाली, क्लासच्या जिन्यात. जिन्यात!

आता आपल्या प्रत्येकाकडे काय मागते आहे ते सांगते.

महापालिकेकडे उष्माघात टाळण्याचा आराखडा आहे. उन्हाळ्यात पाणपोया लागतात, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या सूचना निघतात. चांगलं आहे, पण नवतप्याच्या दुपारी बागेतल्या सिमेंटच्या बाकावर कोण बसणार? या आराखड्यात थंड, बंदिस्त बसण्याच्या जागा धरा. महापालिकेची सभागृहं आणि वाचनालयं एप्रिल ते जून दुपारी बारा ते पाच उघडी ठेवता येतील. कूलर, पिण्याचं पाणी, स्वच्छ बाथरूम आणि बोलायला परवानगी, इतकं पुरे. शेवटची गोष्ट विसरू नका. ही अभ्यासिका नको आहे, अभ्यासिका पुष्कळ आहेत. आणि जे मॉल अशी जागा स्वतःहून देतील त्यांना मालमत्ता करात काही सूट देता येईल का, ते तपासा. रिकामे मजले पडून आहेत, त्यातला एखादा कोपरा उन्हाळ्यापुरता मिळाला तर मॉललाही पुन्हा माणसांची वर्दळ दिसेल.

प्रन्यासाकडे आणि नगररचना विभागाकडे नव्या व्यापारी संकुलांचे नकाशे येतात. मोठ्या भूखंडावर मोकळी जागा सोडण्याचा नियम आधीच आहे, पण ती बहुतेक वेळा बाहेर, उन्हात, गाड्यांच्या कडेला सुटते. नागपूरसाठी ती आत मागा. कोणत्याही दुकानाला जोडलेले नसतील असे बाक, सगळ्यांना खुली बाथरूम आणि पाण्याचा नळ नकाशावर दाखवा आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना जागेवर जाऊन पाहा. पुढे त्या बाकांच्या जागी स्टॉल उभा राहिला तर तो वापरातला बदल समजा.

महामेट्रोला सांगायचं ते थोडक्यात. ७ मार्च २०१९ ला मेट्रोचा पहिला भाग सुरू झाला, २०२२ च्या डिसेंबरमध्ये उरलेले मार्गही सुरू झाले, आणि तेव्हापासून शहराच्या चारही टोकांना जोडणारी, उजेडाची, कॅमेऱ्यांची, मुलींना सुरक्षित वाटणारी सगळ्यात चांगली जागा तुमच्याकडे आहे. सीताबर्डीच्या इंटरचेंज स्टेशनवर कामठी रोडची, हिंगण्याकडची, पारडीकडची, वर्धा रोडची पोरं एकत्र येऊ शकतात. आमच्या काळी प्रत्येक बाजूचा मॉल वेगळा होता. तुमच्यामुळे सगळं शहर एका छताखाली भेटू शकतं. तिकिटाच्या फाटकाबाहेर जी जागा आहे तिचा एक भाग बसण्यासाठी ठेवा. सगळी भाड्याने देऊ नका.

आणि मॉलचे मालक व व्यवस्थापकहो, तुमच्याकडून फार नाही मागत. फूड कोर्टाची एक रांग खाणाऱ्यांपुरती राखून ठेवू नका. गर्दीच्या वेळी, रविवारी संध्याकाळी, तिथेही ज्याच्या हातात ताट आहे त्याला आधी जागा द्या, पोरं समजूतदार असतात, उठतील. पण दुपारी बारा ते चार तुमचा फूड कोर्ट रिकामा असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. गार्डला सांगा की शांत बसलेल्या मुलांना उठवायचं नाही, आणि मुलीच्या मागे फिरणाऱ्याला मात्र लगेच हटकायचं. ज्याची चप्पल साधी आहे त्याच्याकडे दारात दोनदा बघायचं नाही. पोरं नासधूस करतात, ही तुमची तक्रार मी ऐकली आहे. करतात कधीकधी. त्यासाठी त्या पोराला धरा, सगळ्या वयाला बाहेर काढू नका. आम्ही पाच चमच्यांनी एक कप कॉर्न खाणाऱ्या पोरी होतो. आज आमच्यातल्या बहुतेक जणी कमावतात, घरासाठी खरेदी करतात, आणि ज्या मॉलने आम्हाला बसू दिलं तिथेच अजून आधी जातात. हा हिशेब तुमच्या तिमाही अहवालात येत नसेल, पण तो खरा आहे.

नवतपा मेच्या शेवटच्या आठवड्यात लागतो. त्याआधी या विषयावर आपण सगळ्यांनी एक बैठक घ्यावी, अशी माझी विनंती आहे. तिथे माझ्यासारख्या आठवणी सांगणाऱ्यांना बोलावलं नाही तरी चालेल. पोरापोरींना मात्र बोलवा. महालातल्या, पारडीतल्या, इंदोऱ्यातल्या, हिंगणा रोडच्या, आणि नाल्याकाठच्या वस्त्यांमधल्याही. त्यांना कुठे बसायचं आहे ते ते नकाशावर बोट ठेवून सांगतील. बैठक दुपारी एकनंतर ठेवा, सकाळचे क्लास तेव्हा सुटतात.

आपली,
महालात वाढलेली एक नागपूरकर